हे पोट्टं पुढं जाईन का?

८ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंजाब किंग्ज आणि गुजरात टायटन्स यांचा सामना चालू होता. अमरावतीचा जितेश शर्मा पंजाबकडून ११ चेंडूंत २३ धावा करून सुसाट सुटला होता. गुजरातकडून चेंडू हातात घेऊन आला दर्शन नळकांडे, जन्माने वर्ध्याचा, क्रिकेटने अकोल्याचा. दर्शनचा आयपीएलमधला हा पहिलाच सामना. त्याच्या चेंडूवर जितेशने फटका उंच मारला आणि शुभमन गिलने झेल टिपला. पुढच्याच चेंडूवर ओडियन स्मिथही तंबूत परतला. विदर्भाच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलणारी जितेश आणि दर्शन ही दोन पोरं त्या दिवशी समोरासमोर उभी होती. पंजाबच्या संघात अकोल्याचा अथर्व तायडेही होता, त्याला मैदानात उतरायला अजून वर्षभर थांबायचं होतं.

दोनच महिन्यांपूर्वी बंगळुरूत झालेल्या लिलावात या तिघांना एकच भाव मिळाला होता, २० लाख रुपये. तेव्हाची ती सर्वांत खालची पायाभूत किंमत. क्रिकेट पाहण्यात आयुष्य घालवलेली माणसं, त्यांच्यासमोर संगणक, हाताशी प्रत्येक चेंडूची नोंद, आणि तिघांत कोण सरस याचं बाजाराने दिलेलं उत्तर होतं, तिघेही सारखेच. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात बंगळुरूने जितेशसाठी ११ कोटी मोजले. त्याच लिलावात अथर्व हैदराबादला ३० लाखांत मिळाला.

हे असं का होतं? कोवळ्या खेळाडूच्या भवितव्याचा अंदाज इतक्या शहाण्या माणसांनाही का लागत नाही? या प्रश्नात मी जितका खोल जातो तितका थक्क होतो.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कुठल्याही मैदानाच्या कडेला हा वाद रोज चालतो. नेटमध्ये एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा सणसणीत ड्राइव्ह मारतो आणि कुणीतरी म्हणतं, “हे पोट्टं लय पुढं जाईन, लिहून ठेव.” दुसरा लगेच हरकत घेतो, “जाईन ना, पण लेदर बॉल अंगावर आला का टिकीन का?” जगातल्या मोठमोठ्या क्लबांच्या बंद खोल्यांत हाच वाद होतो. फरक एवढाच, की तिथे मतांना क्रमांक दिले जातात आणि क्रमांकांवर पैसे लागतात.

हा वाद सर्वांत पद्धतशीरपणे घातला जातो तो आपल्यापासून फार लांबच्या एका खेळात, बर्फावरच्या हॉकीत. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये दर उन्हाळ्यात अठराएक वर्षांच्या मुलांची निवड होते. ३२ संघ, ७ फेऱ्या, २२४ नावं. त्याआधी वर्षभर खेळाडू हेरणारे लोक गावोगावच्या बर्फाच्या मैदानांवर बसून टिपणं काढतात. लीगची स्वतःची मध्यवर्ती यंत्रणा १९७५ पासून मुलांच्या क्रमवार याद्या करते. पन्नास वर्षांचा सराव असलेली ही मंडळी आहेत. तरी १९९३ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अलेक्झांडर डेगलकडून ज्या मोठेपणाची अपेक्षा होती ते त्याच्या हातून घडलं नाही, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा ख्रिस प्रॉंगर खेळातल्या अजरामरांत जाऊन बसला. १९९८ साली पावेल दात्स्युक हा किरकोळ अंगाचा रशियन मुलगा थेट १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला. डेट्रॉइट संघाचा हेरणारा माणूस, होकन अँडरसन, खरं म्हणजे दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेला होता, नजर याच्यावर खिळली. आदल्या निवडींत याच दात्स्युककडे सगळ्या संघांनी पाठ फिरवली होती.

पण बर्फावरच्या हॉकीने जगाला दिलेलं खरं आश्चर्य वेगळंच आहे. कॅनडातल्या लेथब्रिज गावात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ पत्नी पॉलासोबत सामना पाहायला गेले होते. पॉला माहितीपत्रकातल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचत होत्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, पुन्हा जानेवारी. घरी जाऊन बार्न्सलींनी इतर संघांच्या याद्या काढल्या, तिथेही तेच. १९८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कारण ऐकताना साधं वाटतं. तिकडे वयोगटाची रेघ १ जानेवारीला आखलेली. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांची वाढ म्हणजे उंचीत, वजनात, पायांच्या ताकदीत डोळ्यांना दिसणारा फरक. प्रशिक्षकाला वाटतं, हा मुलगा गुणी आहे. त्याला चांगला संघ मिळतो, जास्त सामने मिळतात, चांगला गुरू मिळतो, आणि चार वर्षांनी तो खरोखरच गुणी झालेला असतो. चुकीचा अंदाज स्वतःला खरा करून दाखवतो!

या गोष्टीचा पुढचा भाग मला त्याहून विलक्षण वाटतो. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅशनल हॉकी लीगच्या १९८० ते २००७ च्या निवडी तपासल्या. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली जी थोडी मुलं या गाळणीतून निभावून आली होती, ती त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक क्रमांक मागे निवडली गेली होती. आणि ४०० सामने किंवा २०० गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता जानेवारी-मार्चच्या मुलांपेक्षा जवळजवळ दुप्पट होती. म्हणजे धाकटेपणाचा तोटा सोसून जो टिकला तो आतून जास्त पक्का निघाला, आणि हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना सत्तावीस वर्षं कळलं नाही.

आपल्याकडे वयोगटाच्या क्रिकेटची रेघ १ सप्टेंबरला पडते. १९ वर्षांखालील विश्वचषकालाही तीच. तेव्हा आपल्याकडचे ‘जानेवारीचे’ मुलगे म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरचे. जितेशचा जन्म २२ ऑक्टोबरचा, दर्शनचा ४ ऑक्टोबरचा, अथर्वचा २६ एप्रिलचा. तीन नावांवरून काही सिद्ध होत नाही, पण कुणीतरी आपल्या जिल्हा संघांच्या वीस वर्षांच्या याद्या घेऊन बसावं असं मला मनापासून वाटतं.

त्यात आपल्याकडे जन्मतारीख आणि खरं वय यांचा मेळ बसेलच असं नाही. म्हणून भारतीय क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, शिवाय बोटांच्या आणि हाताच्या हाडांच्या टोकांशी कूर्चा असते. वय वाढतं तशी ती हाडात बदलते आणि शेवटी सांधून जाते. या खुणांना गुण देऊन हाडांचं वय काढतात. टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीची ही तिसरी आवृत्ती. तिच्यातून एक चमत्कारिक गोष्ट उघड होते. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांचं वय एकमेकांपासून वर्ष-दोन वर्षं लांब असू शकतं. कागदावर दोघेही चौदाचे, मैदानावर एक जवळपास पुरुष आणि दुसरा अजून लेकरू.

मग मोजायचं तरी काय? राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींची चाचणी होते. उंची, वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, कमरेतून वाकण्याची लवचिकता, ८०० मीटर धाव. अकोला आणि अमरावती दोन्हीकडे प्रबोधिनी आहे आणि खेड्यापाड्यातल्या लेकरांसाठी ती मोलाची वाट आहे. या चाचण्या प्रामाणिक आहेत, कारण आज शरीर काय करतं एवढंच त्या सांगतात. पुढची उडी मात्र आपण मनातल्या मनात मारतो. सरकी टोबताना कापसाचा भाव ठरवावा तसं ते होतं. मधे अख्खा पावसाळा उरलेला असतो.

तो पावसाळा कसा असतो ते पाहायचं तर २०१८ चा जानेवारी घ्यावा. न्यूझीलंडमध्ये पृथ्वी शॉच्या नेतृत्वाखाली भारताचा १९ वर्षांखालील संघ विश्वचषक खेळत होता. कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी यांच्या वेगाने जग हरखलं होतं. त्याच महिन्यातल्या लिलावात कोलकात्याने नागरकोटीला ३ कोटी २० लाख आणि मावीला ३ कोटी दिले. ईशान पोरेल जायबंदी झाला तेव्हा पर्याय म्हणून अकोल्याच्या आदित्य ठाकरेला बोलावणं गेलं. आदित्यने नुकताच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, प्रथम श्रेणीतलं पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात केलं होतं, आणि १ जानेवारीला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला होता. त्या विश्वचषक संघात आणखी एक गोलंदाज होता, डावखुरा, ज्याला जेमतेम दोन सामने मिळाले आणि ज्याला जानेवारीच्या लिलावात कुणीच घेतलं नाही. त्याचं नाव अर्शदीप सिंग. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक १७ बळी घेणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. नागरकोटीला तोपर्यंत दुखापतींनी आयपीएलचे दोन अख्खे मोसम बाहेर बसवून झालं होतं. वेग डोळ्यांना दिसतो. पाठीचा मणका किती चेंडू सोसेल ते दिसत नाही, आणि यॉर्कर शिकण्याची चिकाटी तर त्याहून दिसत नाही.

विदर्भाने रणजी जिंकला त्याच हंगामात अथर्व तायडेने १९ वर्षांखालच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा काढल्या. सतरा वर्षांचा मुलगा, अंतिम सामना, त्रिशतक. पण विश्वचषकाची यादी त्याआधीच जाहीर झाली होती आणि तिच्यात तो नव्हता. त्यानंतरच्या जुलैत श्रीलंकेत १९ वर्षांखालील कसोटींत त्याने ११३ आणि १७७ केल्या. विश्वचषकाची वेळ मात्र निघून गेली होती.

आणि काही जण तर कुठल्याच यादीत येत नाहीत. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव वीसच्या आसपास येईपर्यंत लेदर बॉलने खेळलाच नव्हता. पोलीस भरतीचा प्रयत्न करून झाला होता. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. सोळाव्या वर्षी त्याला क्रमांक द्यायचा तर कुठून देणार? तो रांगेतच नव्हता.

या सगळ्यावर उपाय काय, याचं एक उत्तर आपल्या मराठी माणसांनीच शोधलं होतं. मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोधणारी एक शाखा उभारली. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख. जुने खेळाडू देशभर पाठवायचे, मोठ्या शहरांबाहेरचे सामने पाहायला लावायचे आणि लेखी अहवाल मागवायचे, असं काम. त्यातले प्रकाश पोद्दार जमशेदपूरला गेले आणि त्यांनी एका लांब केसांच्या यष्टिरक्षकाबद्दल कळवलं. अडचण एवढीच होती, की शाखेची वयोमर्यादा १९ होती आणि तो मुलगा एकविशी ओलांडलेला. वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. मुलाचं नाव महेंद्रसिंग धोनी. मला यात पोद्दारांच्या नजरेइतकाच वेंगसरकरांच्या निर्णयाचा आदर वाटतो. ‘याची वेळ गेली’ असं म्हणायची मुभा नियमाने दिलेली असताना त्यांनी पुन्हा पाहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नजर कितीही तीक्ष्ण असो, ती आजचं पोर पाहते, आणि दहा वर्षांनी खेळणार असतो तो दुसराच कुणीतरी. म्हणून एकदाच रोखून पाहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा पाहणं कामाचं. जितेशच्या बाबतीत ते अक्षरशः घडलं. शाळेत त्याला सैन्यदलात जायचं होतं, क्रिकेटकडे तो वळला खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांत घेतलं, एकही सामना दिला नाही आणि सोडलं. त्या वेळी तो डावाची सुरुवात करणारा फलंदाज होता. मधल्या वर्षांत तो खाली उतरला आणि शेवटच्या षटकांचा कारागीर झाला. २०२१ च्या मुश्ताक अली स्पर्धेत तो चेंडूमागे दोनहून जास्त धावा काढत होता. याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दर्शनने कर्नाटकाविरुद्ध लागोपाठ चार चेंडूंत चार बळी घेतले. २०१६ मध्ये जितेशबद्दल दिलेलं मत त्या जितेशपुरतं कदाचित बरोबरही असेल. पण २७ मे २०२५ ला लखनौमध्ये २२८ धावांचा पाठलाग करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढणारा बंगळुरूचा त्या दिवशीचा कर्णधार तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो अमरावती-नागपूरच्या वाटेवर, कुणी पाहत नसताना घडला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याच्या मैदानावर इराणी करंडकाचा सामना झाला. रणजी विजेता विदर्भ विरुद्ध शेष भारत. अथर्व तायडेने पहिल्या डावात १४३ धावा केल्या, विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीर तोच ठरला. तेव्हा अथर्व २५ वर्षांचा होता. पंचविसाव्या वर्षी जितेश शर्माला आयपीएलमध्ये संघ नव्हता.