बरोबरीचा हिशेब: फ्रान्सच्या खेड्यातली ओ पेअर

फ्रान्समधल्या एखाद्या कुटुंबात ‘ओ पेअर’ म्हणून जाणे म्हणजे परदेशातली मुले सांभाळायची नोकरी, असे पुष्कळांना वाटते. याच्या अगदी उलट समजही तितकाच पक्का आहे: घरच्या मुलीसारखे ठेवतात, मग तास कसले मोजायचे? (मुलगेही जाऊ शकतात, पण बोलताना सगळे मुलगीच धरून चालतात.) ‘ओ पेअर’चा फ्रेंच अर्थ आहे बरोबरीने. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्गला झालेल्या युरोपीय कराराने अशा व्यक्तीला निव्वळ विद्यार्थी किंवा निव्वळ कामगार न मानता, दोघांचीही लक्षणे असलेल्या वेगळ्या वर्गात ठेवले. आज फ्रान्समध्ये त्यासाठी वय १८ ते ३० लागते. आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास मुलांची देखभाल आणि हलके घरकाम, किमान एक पूर्ण दिवस सुट्टी, राहणे-जेवण आणि महिन्याला किमान ३२० युरो, हे सगळे लेखी करारात येते. त्या ३२० युरोंना तिथे पगार म्हणत नाहीत. आपल्या भाषेत ती हातखर्ची. आणि ‘घरचीच समज’ हे वाक्य किती तास राबवून घेऊ शकते, हे मराठी घरांना वेगळे सांगायला नको.

यावर आक्षेप येतो की ही तर कायदेशीर पिळवणूक झाली. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून आकडेच मांडू. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सचे किमान वेतन आठवड्याच्या ३५ तासांसाठी, कपातीआधी, महिना १,८०१.८० युरो झाले. त्याच दराने २५ तासांचे सुमारे १,२८७ युरो होतात. ३२० वजा केले की साडेनऊशेहून थोडे अधिक उरतात, आणि तेवढी किंमत खोली, जेवण आणि फ्रेंच भाषा यांतून वसूल व्हायला हवी. पॅरिसमध्ये नुसती खोलीच त्यातला मोठा वाटा उचलते. खेड्यात खोली स्वस्त असते, त्यामुळे तिथे बरोबरीचे पारडे भाषेनेच भरून काढावे लागते.

पण खेड्यात राहिले की फ्रेंच आपोआप येते, हा समज सगळ्यांत महाग पडणारा आहे. शहरात ओ पेअर मुली एकमेकींत इंग्रजी बोलत बसतात, खेड्यात तशी सोय नसते, हे खरे; रात्रीच्या जेवणाचे टेबल ही तिथली उत्तम शाळा असते, हेही खरे. पण दिवसाचे काय? फ्रान्समधल्या सुमारे ३५,००० कम्यूनपैकी (म्हणजे तिथल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांपैकी) निम्म्याहून अधिक कम्यूनची लोकसंख्या पाचशेच्या आत आहे; लोझेर हा अख्खा जिल्हा ऐंशी हजारांच्या आत आहे. आईवडील कामावर, मुले शाळेत, गल्लीत चिटपाखरू नाही. लहान मुलांकडून शिकलेली भाषा बरीचशी ‘बूट घाल’, ‘हात धू’ एवढ्यावरच थांबते. फ्रेंचचा वर्ग भरतो तो जवळच्या शहरात, आणि बसच्या फेऱ्या मोजक्याच. बहुतेक कम्यूनमध्ये प्राथमिक शाळा आठवड्यातून चारच दिवस असते, बुधवारी सुट्टी. त्यामुळे बुधवार जवळजवळ पूर्णपणे मुलांचा होतो आणि त्या दिवशीचा वर्ग बुडतो. सुरुवातीच्या महिन्यांतल्या उदासीला लोक ‘घरची आठवण’ म्हणतात. मला वाटते, तिचे मूळ बरेचदा या वेळापत्रकात आणि बसच्या फेऱ्यांत असते.

घर शेतावर असले तरी गोठा झाडणे किंवा द्राक्षे तोडणे ‘हलक्या घरकामात’ येत नाही. ती शेतमजुरी, आणि तिला वेगळा कामगार-करार लागतो. यजमान चांगले असतील तर कागद कशाला, असेही विचारले जाते. पण चांगल्या यजमानांनाही बुधवारचा ताळमेळ अवघडच जातो, म्हणून जाण्याआधीच करारात लिहून घ्यावे: बुधवारी किती तास, वर्गाचे वार कोणते, त्याची फी कोण भरणार, आणि स्टेशनपर्यंत सोडणार कोण.