मुलींनाही पोहता यायला हवे

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांत मुलीच अधिक होत्या. ईदनंतर आपली कुटुंबेही किनाऱ्यावर जातात. मुलगे गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. मुलींसाठी पडद्याची सोय नाही, म्हणून त्यांचे शिकणे राहून जाते. जीव ही अल्लाहची अमानत आहे, मुलींचाही. आपण मोहल्ल्यातून नगरपालिकेकडे दोन गोष्टी मागू या: तरणतलावावर महिला प्रशिक्षकासह फक्त बायकांसाठी राखीव वेळ आणि किनाऱ्यावर बावटे लावून आखलेली, जीवरक्षक असलेली जागा. तोवर, ओहोटीचे पाणी आत ओढते हे लक्षात ठेवून गुडघाभर पाण्यापुढे कोणालाही जाऊ देऊ नये.