खेळण्यातल्या रुळांवरचं शॉर्टसर्किट

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय उघडलं. ते पाहून आलेलं मूल घरी तशीच गाडी मागतं. आमच्या मानपाड्यातही एका घरात प्लायवूडवर रूळ अंथरलेत, कापसाचे डोंगर उभे केलेत. कापूस आणि वीज शेजारी आली, म्हणून हे बोलणं.

डोंबिवलीच्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते आणि रुळांवाटे परत जाते. खेळण्यातल्या गाडीला बहुधा वरची तार नसते. वीज एका रुळातून येते, मोटारीतून जाऊन दुसऱ्या रुळाने परतते. एचओ मापात या दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर! डबा घसरला, स्क्रू पडला, सांध्याच्या क्रॉसिंगवर चाक दोन्हीकडे टेकलं, की वीज मोटारीला वगळून सरळ पलीकडे धावते. रुळांनी वळसा घालून परत स्वतःलाच गाठलं, तरी डावा रूळ उजव्याला भेटतो. ही भेट शायरीतली नव्हे.

बारा-पंधरा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही. धोका उष्णतेचा. १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे ७५ वॅट, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या तिप्पट. प्लास्टिकचा डबा वितळायला एवढं पुष्कळ झालं.

म्हणून रुळांचे तुकडे प्लास्टिकच्या जोडांनी वेगळे करावेत आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र ब्रेकर द्यावा. वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून त्याला उलटसुलट करणारा वेगळा स्विच लावावा. स्वस्त तोडगा हवा, तर प्रत्येक विभागाच्या तारेत मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा. एरवी तो जवळजवळ विझलेला असतो. शॉर्ट झालं की झगझगीत पेटतो, वीज दोनेक अँपिअरवर अडवतो आणि दोष कुठल्या विभागात आहे तेही दाखवतो. मला हा बल्ब फार आवडतो. फक्त तो कापसापासून दूर ठेवा, चांगलाच तापतो.

ब्रेकर बसवला म्हणून निर्धास्त होऊ नका. एक नाणं घ्या आणि दर हात-दीड हातावर दोन्ही रुळांवर आडवं टेकवून पाहा. ब्रेकर तत्क्षणी पडला पाहिजे. नाही पडला, तर तारा बारीक आहेत किंवा जोड ढिले आहेत. विरोध वाढल्यामुळे ब्रेकरला शॉर्ट ओळखूच येत नाही आणि तार मुकाट्याने तापत राहते. अशा ठिकाणी प्लायवूडखालून जाड तांब्याची तार न्या, दर दोन-तीन फुटांवर तिची फांदी रुळाला जोडा आणि पुन्हा नाणं टेकवून बघा.