जमिनीखालचा नकाशा जिथे तुटतो

बांधाच्या एका बाजूच्या विहिरीला भरपूर पाणी आणि पलीकडे दोनशे फूट बोअर घेऊनही नुसती धूळ, हा अनुभव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना नवा नाही. कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी गेली की दोष नशिबाला दिला जातो. कारण मात्र अनेकदा खडकांच्या रचनेत असते.

जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. त्यातला अखंड काळा पाषाण पाणी फारसे धरत नाही; मुरूम, मांजऱ्या आणि भेगाळलेला खडक धरतो. कोणत्या खोलीवर कोणता खडक लागला, याच्या नोंदी संगणकात भरून या थरांचा त्रिमितीय नकाशा तयार करता येतो. खाणकामात हे तंत्र नेहमीचे आहे. संगणक जमिनीवर चौकोनांची जाळी आखतो आणि दोन नोंदींमधल्या चौकोनांतली खोली हिशेबाने भरतो. हे करताना तो थर सलग आहे, असे गृहीत धरतो.

चूक इथेच होते. समजा, मांजऱ्या खडक एका बोअरमध्ये २० मीटरवर आणि दोनशे मीटर दूरच्या दुसऱ्या बोअरमध्ये ५० मीटरवर लागला. संगणक मधे सरळ उतार काढतो आणि मध्यावर ३५ मीटर दाखवतो. पण मधे प्रस्तरभंग असेल, म्हणजे खडक तुटून एक बाजू खाली सरकली असेल, तर तिथे उतार नसतो, पायरी असते. ३५ मीटरवर तो थर कुठेच सापडणार नाही. चंद्रपूर परिसरातल्या कोळशाच्या थरांतही असे भंग आहेत.

उपाय म्हणजे भंगाची रेषा आणि तिचा कल नकाशात भरून जाळी तिथे कापणे आणि दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा करणे.

अहिल्यानगरमध्ये प्रस्तरभंगाइतकेच लक्ष डाईककडे द्यावे लागते. उभ्या भेगेत लाव्हारस थिजून झालेली ही दगडी भिंत संगमनेर परिसरात आढळते. ती अखंड असेल तर भूमिगत बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. भेगाळलेली असेल तर पाणी वाहून नेते. अशा भिंतीच्या दोन बाजूंच्या विहिरींची सरासरी काढण्यात अर्थ नसतो.

ही रेषा संगणकाला आपोआप कळत नाही. ती उपग्रहचित्रांतून, जमिनीच्या विद्युत चाचणीतून आणि प्रत्यक्ष फिरूनच सापडते. सर्वांत स्वस्त पुरावा मात्र शेतकऱ्याकडेच असतो. विहीर खोदताना किती फुटांवर मुरूम, मांजऱ्या, पाषाण आणि पाणी लागले, हे वहीत लिहून ठेवावे. कोरड्या बोअरची नोंदही तितकीच मोलाची. शेजारच्या दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर पुढची बोअर घेण्यापूर्वी मधे काय आहे, हे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे विचारावे.