सातबारा वेगळा, पाणी सामाईक

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या (ता. सेलू) शिवारात काळ्या मातीखाली बेसाल्टचा कातळ आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात. साठा थोडा, आणि शेजारची शेते बहुधा एकाच थरातून उपसा करतात. जमीन ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर, पाणी मात्र सामाईक, अशी ही व्यवस्था आहे.

समजा, एकाच्या बोअरला दोनशे फुटांवर दोन इंच पाणी लागले. पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने चारशे फूट खोल बोअर घेतला आणि पहिल्याचा आटला. खोदाई, केसिंग, मोटार हा खर्च शेजाऱ्याच्या हिशेबात येतो; पहिल्याचे बुडालेले पैसे आणि वाळलेली तूर येत नाही. दुसऱ्यावर पडणाऱ्या अशा खर्चाला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. तो करणाऱ्याकडूनच कररूपाने वसूल करावा, हा विचार आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला.

कर लावायचा तर उपसा मोजावा लागतो, आणि प्रत्येक विहिरीवर मीटर बसवणे अवघड आहे. विजेच्या दरातूनही काटकसर साधत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात २०२४ पासून वीज मोफत आहे. त्यामुळे शेतकऱ्याचा बोजा हलका झाला. पण लाइट आली की ऑटोस्विचवर सुरू झालेली मोटार तासभर जास्त चालली, तरी बिलात फरक पडत नाही.

दुसरा मार्ग कायद्याचा. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आले. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींनाही आळा घातला. तथापि बोअरची गाडी एका रात्रीत काम उरकून निघून जाते. तिच्यावर नजर ठेवणे सोपे नाही.

तिसरा मार्ग गावाच्या नियमांचा. वापरणाऱ्यांनीच ठरवलेले आणि पाळलेले नियम सामाईक संपत्ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी टाळली आणि दरवर्षी पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस कमी, तर रब्बीचे क्षेत्रही कमी.

मात्र खडकातले पाणी गावाची शीव पाळत नाही. एका गावाने राखलेले पाणी शेजारचे गाव उपसू शकते. म्हणून असा ताळेबंद पाणलोटातील सगळ्या गावांनी मिळून मांडावा लागतो.