बोट निवडण्याआधी नदी निवडा

युरोपातल्या नदीवरील क्रूझचे माहितीपत्रक हातात आले की नजर आधी केबिनच्या फोटोकडे जाते. बाल्कनी आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का, किती शहरे दाखवणार, हे प्रश्न त्यानंतर येतात. निवृत्तीनंतर परदेश पाहायला निघालेल्यांना ही सहल सोयीची वाटते, आणि ती तशी आहेही. बॅग एकदाच उघडायची, रोज नवे हॉटेल नाही, समुद्रासारख्या लाटा नाहीत, त्यामुळे मळमळही जवळपास नाही. मात्र त्या महिन्यात नदीला पाणी किती असते, हे सहसा कोणी विचारत नाही. सात दिवसांपैकी तीन दिवस बसमध्ये जाणार की नाही, हे त्यावरच ठरते.

जर्मनीत बिंगेन आणि कोब्लेन्झ यांच्या मधे ऱ्हाइनच्या काठावर काउब नावाचे छोटे गाव आहे. माहितीपत्रकांवर झळकणारे टेकड्यांवरचे किल्ले याच पट्ट्यात आहेत आणि नदी सगळ्यात उथळ होते तीही इथेच. काउबच्या मोजपट्टीवरचा आकडा पाहून मालवाहू बोटींत किती माल भरायचा हे ठरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. ऑगस्ट २०२२ मध्येही तो ४० च्या खाली गेला होता. गावासमोर नदीतल्या खडकावर एक किल्ला आहे. एरवी तिथे होडीने जावे लागते, पण त्या दिवसांत लोक कोरड्या पात्रातून चालत गेले.

या आकड्याने पुष्कळांची फसगत होते. मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. बोटींच्या मार्गात प्रत्यक्ष खोली त्या आकड्यापेक्षा एक मीटरहून थोडी जास्त असते. प्रवासी बोटीला बुडण्यापुरते पाणी साधारण दीड मीटर लागते, शिवाय तळाशी थोडी मोकळी जागा हवी. हा हिशेब मांडला की २५ सेंटिमीटरला बोट का थांबते ते कळते.

ऱ्हाइनला पाणी येते ते आल्प्समधल्या बर्फाचे आणि वाटेत मिळणाऱ्या नेकार, माइन, मोझेल या नद्यांचे. बर्फ वितळते वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, उपनद्या भरतात हिवाळी पावसाने. उन्हाळा कोरडा गेला की ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात दोन्हींचा आधार सुटतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत ऱ्हाइनला जायचे ठरवले, तर नेमका कमी पाण्याचा हंगाम गाठला जाण्याची शक्यता असते. मे महिना त्या मानाने बरा.

मग सगळ्याच नद्यांचे असे होते का? नाही, आणि इथेच निवड करायला वाव आहे. बांधांनी अडवलेल्या नदीत पाण्याची पातळी माणसाच्या हातात असते. दोन टोकांना दरवाजे असलेल्या हौदात, म्हणजे लॉकमध्ये, बोट घ्यायची आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या किंवा खालच्या टप्प्यावर न्यायची. बासेलपासून इफेत्सहाइमपर्यंत ऱ्हाइनवर असे दहा टप्पे आहेत. त्यानंतर समुद्रापर्यंत एकही नाही. काउब या मोकळ्या भागात येते. मोझेल, माइन आणि पोर्तुगालमधली दोरू या नद्यांवर मात्र बांधांची साखळी आहे, त्यामुळे दुष्काळात तिथली सहल बरीच सुरक्षित. पॅरिसच्या सीन नदीला वरच्या बाजूच्या चार मोठ्या जलाशयांतून उन्हाळ्यात पाणी सोडले जाते. उलट ड्रेस्डेनची एल्बे जर्मनीत बहुतांशी मोकळी वाहते. तिथे उन्हाळ्यातली बोट म्हणजे जुगारच.

डॅन्यूबचे दुखणे दुहेरी आहे. जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० किलोमीटरचा पट्टा बांधाविना आहे आणि कोरड्या दिवसांत बोटी तिथे अडतात. म्हणून न्यूरेम्बर्गपासून निघणाऱ्या सहलीपेक्षा पासाऊपासून निघणारी सहल घेतली, तर हा पट्टा तरी टळतो. पण पासाऊला पुराची भीती. जून २०१३ मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते. जून २०२४ मध्ये दक्षिण जर्मनीत पुन्हा पूर आला, तर सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियात. पूर असला की बोट पुलाखालून जात नाही. कप्तानाची केबिन खाली घेता येते, छपरावरच्या खुर्च्या आडव्या करता येतात, पण त्यालाही मर्यादा असते.

बोट अडली की कंपनी प्रवाशांना बसने अडथळ्यापलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीवर नेते, किंवा बोट हॉटेलसारखी एका जागी ठेवून रोज बस सोडते. तरुणांना यात फारसे काही वाटणार नाही. गुडघे बदललेल्या किंवा तासातासाला स्वच्छतागृह लागणाऱ्या माणसासाठी मात्र ही वेगळीच सहल झाली. बहुतेक करारांत असा बदल करण्याची मुभा कंपनीने राखून ठेवलेली असते. परतावा मिळेल का आणि कधी, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारलेले बरे.

गुडघ्यांचा प्रश्न पाणी भरपूर असतानाही सुटत नाही. धक्क्यांवर जागा कमी, म्हणून दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून लावतात. मग किनाऱ्यावर जायला शेजारच्या बोटीतून, कधी तिच्या छपरावरून जिने चढून-उतरून जावे लागते. लिफ्ट असली तरी बहुधा सगळ्यात खालच्या मजल्यावर आणि वरच्या डेकवर जात नाही. स्वस्त केबिन तर तळमजल्यालाच असतात. तिथे पैसे वाचवून रोज जिने चढण्यापेक्षा मधल्या मजल्यावरची साधी खोली घ्यावी. जुन्या शहरांतले रस्ते गोट्यांचे, पावसात निसरडे. चांगल्या तळव्याचे बूट बाल्कनीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. दोरूच्या आतल्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असेल, तर तिथे जाण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवे.

समुद्रावरच्या मोठ्या जहाजांवर दवाखाना असतो, नदीच्या बोटींवर सहसा डॉक्टरही नसतो. किनारा जवळ असल्याने ११२ या क्रमांकावर मदत मागता येते, पण रुग्णालयाचा खर्च विम्यावरच भागवावा लागतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो. तो व्हिसापुरता पुरेसा असतो. मधुमेह, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वेगळे तपासावे आणि अर्जात ते आजार लपवू नयेत.

बंदिस्त बोटीत नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाबांची साथ झपाट्याने पसरते. हाताला लावायचे सॅनिटायझर त्यावर फारसे चालत नाही, साबण-पाणीच लागते. त्रास थांबल्यावरही दोन दिवस केबिनमध्ये राहिले, तर सहप्रवासी वाचतात. वयस्करांना यात धोका असतो तो शरीरातले पाणी कमी होण्याचा. ओआरएसची पाकिटे म्हणूनच सामानात हवीत.

औषधांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्यावी, आपल्याकडची ब्रँडनावे तिथल्या औषध दुकानात सहसा ओळखत नाहीत. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. आणि उन्हाळ्यात जर्मनी-ऑस्ट्रियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांच्या वेळा या फरकाने कशा सरकवायच्या, ते निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.