सभागृहाची दुरुस्ती आणि बाणांचा नकाशा



येत्या उन्हाळ्यात आपल्या सभागृहाची दुरुस्ती काढायची आहे. गणपती काही कंत्राटदारासाठी थांबणार नाहीत. म्हणून कामांची नुसती यादी न करता संगणकावर त्यांचा नकाशा करावा, अशी माझी सूचना आहे.

नकाशा म्हणजे चौकोन आणि बाण. चौकोनात काम व त्याला लागणारे दिवस. कोणते काम कशावर अडते ते बाण दाखवतो. पद्धत जुनीच आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती कारखान्यांच्या कामासाठी बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तिचे भावंड, 'पर्ट', वापरात आणले.

आपले उदाहरण घेऊ. आकडे अंदाजाचे आहेत. गच्चीचे वॉटरप्रूफिंग २० दिवस, त्याच वेळी वायरिंग १२ दिवस. दोन्ही झाल्याशिवाय फॉल्स सीलिंग नाही, त्याला १५ दिवस. मग रंगकाम १० दिवस. सर्वांत लांब वाट गच्चीवरून जाते: २० + १५ + १० = ४५ दिवस. वायरिंगवाला ८ दिवस उशिरा आला तरी काही बिघडत नाही. १० दिवस उशीर केला तर उद्घाटन २ दिवस पुढे जाते. गच्चीचा मात्र एक दिवस गेला की सगळ्याचाच एक दिवस गेला. तेव्हा फोन करून पाठपुरावा कोणाचा करायचा ते उघड आहे. (आपण सहसा जो फोन उचलतो त्याचाच करतो!)

हा हिशेब कागदावरही होतो, पण तारीख बदलली की खोडाखोड. 'गँटप्रोजेक्ट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक काम पुढे सरकवले की त्यावर अवलंबून असलेली कामे आपोआप सरकतात आणि ती लांब वाटही वेगळी दिसते. 'ड्रॉ डॉट आयओ'वर चित्र सुरेख निघते, पण तारखा जागच्या जागी राहतात.

नकाशात फेरफार फक्त कार्यवाहांनी करावेत, इतरांनी पाहावा. आणि बँकेतली जुनी सवय म्हणून सांगतो: कंत्राटदाराचे हप्ते तारखेला बांधू नयेत, पूर्ण झालेल्या चौकोनाला बांधावेत. गच्चीचा शेवटचा हप्ता तर पाणी साठवून चाचणी झाल्यावरच द्यावा.